गाईडची सही, सरांचं पॅनल आणि तुझं नाव

पत्र असं आलंय, थोडं काटछाट करून देतेय:

"ताई, मी परभणीकडची. पुण्यात पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे, राज्य सरकारच्या एका संस्थेची फेलोशिप मिळते. विद्यापीठाच्या सेनेटच्या पदवीधर निवडणुकीसाठी आमचे गाईड सर एका पॅनलचं काम करतायत, मला म्हणाले तुझ्या ओळखीत मुलं खूप आहेत, पदवीधरांच्या मतदार नोंदणीचे दोनशे फॉर्म भरून आण. मी ज्या विद्यार्थी संघटनेत आहे ती दुसऱ्या पॅनलच्या बाजूने. त्यातच फेलोशिप थकलीये म्हणून आंदोलन ठरतंय आणि संघटनेचे दादा म्हणतात निवेदनावर पहिली सही तुझी. हे सरांच्या कानावर गेलं तर ते म्हणाले, एका कॉलेजात सीएचबीचे (तासिका तत्त्वावर शिकवायचे) तास मिळवून देतो, आता जरा शांत राहा आणि अभ्यासाकडे बघ. घरी बाबांचं एकच, राजकारणात पडू नको. संघटना सोडू, गाईड बदलू की गप्प बसून डिग्री घेऊ? — कोंडी झालेली"

अगं कोंडी झालेली, तू तीन पर्याय दिलेस आणि तिन्हीत काहीतरी सोडायचंच आहे, संघटना तरी नाहीतर गाईड नाहीतर तोंड. माझं मत विचारशील तर या महिन्यात यातलं काहीच सोडू नकोस. पण पत्रातल्या ज्या गोष्टीवरून तू दोन ओळींत पुढे गेलीस ना, ते सीएचबीचे तास, तिथे मी थांबले, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली.

फेलोशिप सुरू झाली तेव्हा तू एक हमीपत्र लिहून दिलं असशील. शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्पवर, नोटरी करून, घाईघाईत, शेवटच्या तारखेला, बरोबर ना? सगळ्यांचं तसंच होतं आणि कोणी वाचत नाही. तर ते आता ट्रंकेतनं काढ आणि वाच. पूर्णवेळ संशोधनासाठी फेलोशिप घेणारी व्यक्ती त्या काळात दुसरीकडून पगार किंवा मानधन घेणार नाही, घेतलं तर दिलेली रक्कम वसूल करता येईल, अशा अर्थाचं कलम या हमीपत्रांत असतं. शब्द संस्थेगणिक वेगळे असतात, काही ठिकाणी आठवड्याला ठरावीक तास शिकवायची मुभा असते पण तीही परवानगी घेऊन. आता विचार कर, सरांच्या सांगण्यावरून तू त्या कॉलेजात तास घेतलेस, तासाचं मानधन तुझ्या बँक खात्यात आलं, तर उद्या तुझ्याविरुद्ध कोणाला काही शोधावं लागणार नाही, तुझं पासबुकच पुरे. मी म्हणत नाही की सरांनी मुद्दाम सापळा लावलाय. बहुतेक त्यांना वाटलं असेल पोरीची फेलोशिप थकलीये, चार पैसे मिळतील, आणि आपलंही काम होईल. पण तास सर मिळवून देणार, ते कॉलेज ज्या संस्थेचं तिचे पदाधिकारीही बहुधा त्याच पॅनलशी बांधलेले असणार, आणि तू आयुष्यभर "आम्ही तिला लावून दिलं" या यादीत. तासिका तत्त्वावरची नोकरी म्हणजे तास झाले तर पैसे, सुट्टीत शून्य, बिल कधी निघेल त्याचा भरवसा नाही. एवढ्यासाठी स्वतःची मान कोणाच्या हातात देऊ नये. कलम वाचून परवानगीची सोय असली तर तू स्वतः अर्ज कर, जाहिरात बघून मुलाखत दे आणि लेखी परवानगी घेऊन शिकव. पण सरांच्या शब्दावर नको, आणि "शांत राहा" या अटीवर तर नकोच नको.

आता फॉर्म. सेनेट म्हणजे अधिसभा, विद्यापीठाचं बजेट तिच्यापुढे येतं, आणि नोंदणीकृत पदवीधर तिथे 10 जण निवडून देतात, त्यातल्या निम्म्या जागा राखीव. आपल्या विद्यापीठाच्या या गटाचं मतदान मागच्या वेळी 2022 च्या नोव्हेंबरात झालं, मुदत पाच वर्षांची, म्हणजे पुढच्याची धावपळ कशाला सुरू झालीये ते कळतंच. मतदान पसंतीक्रमाने असतं, निवडून यायला लागणाऱ्या मतांचा कोटा काढून मोजतात, मोजणी रात्र-रात्र चालते, त्यामुळे इथे भाषणं कोणी ऐकत नाही, ज्याच्याकडे नोंदणी झालेले मतदार जास्त त्याची निवडणूक अर्धी तिथेच जिंकून झालेली असते. म्हणून दोनशे फॉर्म. सरांच्या लेखी तू कार्यकर्ती नाहीसच, वसतिगृहाच्या तीन मजल्यांपर्यंत पोचणारा एक रस्ता आहेस.

मी सरांना लगेच खलनायक करणार नाही. शिक्षकाने पॅनल चालवणं यात काही गैर नाही, कायद्यानेच शिक्षक, प्राचार्य, संस्थाचालक, पदवीधर असे मतदारसंघ केलेत, म्हणजे विद्यापीठात राजकारण असणार हे कायद्याने मान्यच केलंय. पुण्यात तर शिक्षणसंस्था आणि राजकारण कधी वेगळं नव्हतंच. 1890 च्या डिसेंबरात टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला तो याच धर्तीच्या भांडणातून, की आजीव सदस्याने महिना 75 रुपयांत संस्थेला वाहून घ्यायचं ठरलंय तर बाहेरची पदं आणि बाहेरची कमाई चालेल का, आणि गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं त्यावरून ते अगदी टोकाला गेलं. मला त्यात टिळकांची बाजू जरा जास्तच ताठ वाटते, पण एक गोष्ट आवडते, की त्यांनी कट्ट्यावर कुजबुज करत बसण्यापेक्षा लांबलचक लेखी राजीनामा दिला आणि सगळी कारणं त्यात मांडली. आता आपल्याकडे सगळं केबिनमध्ये दार लोटून, तोंडी, आणि नंतर "मी असं म्हणालोच नव्हतो".

तर सरांचं राजकारण त्यांचं त्यांना लखलाभ. चूक कुठे आहे, तर ज्या माणसाची सही झाल्याशिवाय तुझा प्रोग्रेस रिपोर्ट पुढे सरकत नाही आणि रिपोर्ट सरकल्याशिवाय फेलोशिपचा हप्ता पडत नाही, त्या माणसाने तुझ्याकडे हे काम मागणं. त्याने कितीही गोड बोलून मागितलं तरी तू नाही म्हणू शकत नाहीस हे त्याला माहितीये. आणि एक व्यवहाराची गोष्ट, हे फॉर्म कसे भरले जातात ते मी बघितलंय, कॅन्टीनच्या टेबलावर डिग्रीच्या झेरॉक्सचा गठ्ठा, एक लॅपटॉप, मोबाइल नंबर ज्याच्या हाताशी असेल त्याचा, ओटीपी फोनवर विचारून, पत्ता "पुणे" एवढाच. वीस जणांच्या फॉर्मवर तुझा नंबर गेला आणि उद्या त्यावर कोणी हरकत घेतली तर चौकशीत नाव तुझं येईल, पॅनलचं येणार नाही. शिवाय तुझ्या ओळखीतली मराठवाड्यातनं आलेली कितीतरी मुलं नांदेड किंवा संभाजीनगरच्या विद्यापीठाची पदवीधर असतील, त्यांची नोंदणी इथे कशी होणार? हे सरांना माहीत नसेल असं मला वाटत नाही.

म्हणून नाही म्हण. कसं म्हणायचं ते सांगते, कारण तिथेच सगळे गडबडतात, दोन महिने "हो सर, बघते सर" करतात आणि मग एक दिवस फोन उचलायचा बंद करतात, त्याने माणूस जास्त चिडतो. रिपोर्टवर सही घ्यायला जाशील त्या दिवशी हा विषय काढू नकोस, आणि आधी सही घेऊन मग दुसऱ्या दिवशी नकार देऊ असला हुशारपणाही नको, तो लगेच कळतो. प्रकरणाचा मसुदा दाखवायला जा, काम दाखव, ते बोलून झालं की उठता उठता सांग, "सर, फॉर्मचं मला जमणार नाही. मी कुठल्याच पॅनलचे फॉर्म भरत नाहीये, संघटनेलाही तेच सांगितलंय. पुढच्या प्रकरणाचा मसुदा अमुक तारखेला देते." बस. कारणं देऊ नकोस, कारण दिलं की त्यावर उपाय सुचवतात. रात्री ईमेल टाक, त्यात फॉर्मचा उल्लेख नको, फक्त "आज प्रकरण दोनवर चर्चा झाली, आपण सुचवलेले बदल असे असे, पुढचा मसुदा अमुक तारखेला" एवढंच. असे ईमेल दर भेटीनंतर, आजपासून.

यातलं "संघटनेलाही तेच सांगितलंय" हे खरं असायला हवं बरं का, नुसतं म्हणायला नाही. सरांच्या पॅनलचे फॉर्म भरणं दबावाखाली आणि संघटनेच्या पॅनलचे भरणं स्वखुशीने असं तुला वाटेल, पण सरांना बाहेरून एवढंच दिसणार की माझी विद्यार्थिनी माझ्याविरुद्ध मतदार गोळा करतेय. डिग्री हातात येईपर्यंत दोन्हीकडचे फॉर्म बंद. स्वतःची नोंदणी मात्र कर, एमए इथून केलं असशील तर तुझा हक्क आहे तो, आणि मत कोणाला दिलंस ते बाबांनाही सांगू नकोस.

सर रागावले तर? रागावतील, महिनाभर घुम्यासारखे वागतील, मसुदा टेबलावर पडून राहील. यासाठीच आत्तापासून कागद नीट ठेवायचे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक सत्रात तुला संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण करायचंय, तिथे गाईड एकटे नसतात, बाकीचे लोकही तुझं काम बघतात, त्यामुळे ते सादरीकरण उरकून टाकू नकोस, तुझं काम चाललंय याचे साक्षीदार तयार करायची तीच जागा आहे. बैठकीच्या मिनिट्सची प्रत मागून घे, देत नसतील तर ईमेलने माग. मुदत सहा वर्षांची आणि मुलींना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते, म्हणजे एक सत्र रुसव्याफुगव्यात गेलं तर जग बुडत नाही. आणि खरंच सही अडवली, राजकारणाच्या कारणानेच अडवली असं दिसलं, तर यूजीसीच्याच 2023 च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते, तिने 15 कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो, तिथे समाधान झालं नाही तर विद्यापीठाचे लोकपाल आहेत. तिथे "सर माझ्यावर नाराज आहेत" हे चालत नाही. "अमुक तारखेला रिपोर्ट दिला, अमुक तारखेला ईमेलने आठवण केली, अजून सही नाही" हे चालतं. गाईड बदलायची सोय नियमात असते, पण तो शेवटचा उपाय, कारण त्याच विषयाचा, जागा रिकामी असलेला दुसरा गाईड मिळायला हवा (असिस्टंट प्रोफेसरला चार, असोसिएटला सहा, प्रोफेसरला आठ एवढेच विद्यार्थी घेता येतात), आणि विभाग लहान असतो गं, नवे गाईड घेण्याआधी जुन्यांना फोन करतातच.

आता तुझ्या संघटनेतले दादा. इथे तुला वाईट वाटेल ते लिहितेय. पहिली सही तुझी का? फेलोशिप थकलेले ते नाहीत का? की त्यांची पीएचडी कधीच संपली आणि ते आता पूर्णवेळ दादा आहेत? सर तुला दोनशे फॉर्म म्हणून बघतात तसं दादा तुला फोटोत पुढे उभी करायला एक मुलगी म्हणून बघतायत का, हे एकदा तपासून बघ. तसं नसेलही, खरंच तुझ्या बोलण्यात दम असेल म्हणून पुढे करत असतील. तपासायची रीत सोपी आहे, त्यांना म्हण की निवेदनावर थकबाकी असलेल्या सगळ्यांच्या सह्या आडनावाच्या क्रमाने घेऊ, आणि पोलिसांना द्यायच्या पत्रावर आयोजक म्हणून तुमची सही. चेहरा बदलला की समज.

मी संघटनांच्या विरोधात नाहीये, उलट. आपल्या राज्यात 1994 च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका गेल्या, कॅम्पसवरची मारामारी आणि खुनापर्यंत गेलेली प्रकरणं हे कारण सांगितलं गेलं आणि ते खोटंही नव्हतं, मार्कांवरून प्रतिनिधी नेमायला लागले. 2006 मध्ये विद्यार्थी निवडणुकांवरच्या लिंगडोह समितीचा अहवाल आला, उमेदवाराला खर्च 5000 रुपयांपर्यंतच, 75 टक्के हजेरी हवी, छापील पोस्टर बंद, अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सगळं दहा दिवसांत संपवा, आणि सुप्रीम कोर्टाने ते लागू करा म्हणून सांगितलं. मग 2016 चा विद्यापीठ कायदा आला, त्यात थेट निवडणुकीची तरतूद परत आली, आणि ती तरतूद तशीच कागदावर, मतदान काही होत नाही. मतदान न घेण्याचा हा निर्णय कोणा एका सरांचा किंवा दादाचा नाहीये, तो संस्थेचा आणि सरकारचा आहे. आणि त्याचा परिणाम थेट तुझ्या पत्रात दिसतोय. विद्यार्थ्यांचा निवडून आलेला अध्यक्ष असता तर थकलेल्या फेलोशिपचं निवेदन घेऊन तो गेला असता, पद म्हणून गेला असता, त्याला "तुझं नाव येईल" अशी भीती घालता आली नसती. तो नाही, म्हणून प्रत्येक वेळी एखाद्या साध्या विद्यार्थिनीला स्वतःचं नाव पणाला लावावं लागतं. याची चीड येऊ दे, ती रास्त आहे, फक्त ती सरांवर किंवा दादावर सगळी खर्च करू नकोस.

आंदोलनाला जा. फेलोशिप तुझी थकलीये, मेसचं बिल तू भरतेस, तू नाही जाणार तर कोण जाणार. पण डोळे उघडे ठेवून जा. पुण्यात पोलिस आयुक्तांचा कलम 37 चा जमावबंदीचा आदेश बऱ्याचदा लागू असतोच, त्याचा भंग म्हणून महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 135 चा गुन्हा अगदी सहज दाखल होतो, त्यात लगेच तुरुंगात वगैरे कोणी जात नाही पण तारखा पडत राहतात. एफटीआयआयचा, म्हणजे पुण्यातल्या फिल्म इन्स्टिट्यूटचा संप आठवतो का, तू तेव्हा शाळेत असशील, 2015 ला जूनमध्ये सुरू झाला आणि 139 दिवस चालला, ऑगस्टमध्ये मध्यरात्री पोलिस आत शिरले आणि पाच जणांना घेऊन गेले, खटला 35 जणांवर. त्यातलीच एक मुलगी 2024 मध्ये कानच्या चित्रपट महोत्सवात ग्रां प्री जिंकून आली तेव्हाही तो खटला संपलेला नव्हता! सगळा देश अभिनंदन करतोय आणि इकडे पुण्याच्या कोर्टात तारीख. तिने संप केला ते चुकलं असं मी अजिबात म्हणणार नाही. पण नऊ वर्षं हा आकडा लक्षात ठेवून निर्णय घ्यावा, दादांच्या "काही होत नाही गं" वर घेऊ नये. म्हणून परवानगीचं पत्र आधी दिलंय का ते स्वतः बघ, पोच घेतलेली प्रत बघ. आवारात बसायचं की रस्त्यावर उतरायचं हे आधी ठरवून घ्या, गेट अडवायची भाषा सुरू झाली की तू बाजूला हो आणि का होतेयस ते तिथेच मोठ्याने सांगून हो. आणि कधी गुन्हा दाखल झालाच तर पुढे सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मवर तो लपवू नकोस. साध्या गुन्ह्यापेक्षा लपवल्याने नोकरी जाण्याची भीती मोठी असते, सुप्रीम कोर्टाच्या 2016 च्या अवतार सिंग निकालात यावर सविस्तर आलंय, फेलोशिपवाल्यांपैकी कोणी एलएलबी असेल तर त्याच्याकडून समजून घे.

निवेदनातला मजकूर तू लिही मात्र. तुझं पत्र वाचून सांगते, चांगलं लिहितेस. किती महिन्यांची थकबाकी, किती जणांची, आदेश कोणत्या तारखेचा, कोणत्या टेबलावर फाईल अडलीये एवढंच, कुठल्याही नेत्याचं नाव नको, सेनेटचा तर शब्दही नको. आणि त्याची एक प्रत तू स्वतः सरांना नेऊन दे. बाहेरून कळण्यापेक्षा तुझ्या हातून कळलेलं बरं, शिवाय फेलोशिप थकणं हा त्यांच्याविरुद्धचा मुद्दाच नाही, कोण जाणे, पॅनलच्या जाहीरनाम्यात घालतीलही. घालू देत, आपलं काय जातंय.

बाबांचं काय करायचं विचारलं नाहीस पण लिहिलंस, म्हणजे टोचतंय. ते राजकारणात पडू नको म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यापुढे गावातली सोसायटीची निवडणूक आणि पोलिस पाटलाचं घर असणार, सेनेट नव्हे. त्यांच्याशी वाद घालू नकोस, फोनवर तर नकोच. त्यांना सीएचबीचं सांग, की नोकरी चालून आली होती पण ती घेतली असती तर फेलोशिपचे सगळे पैसे परत करावे लागले असते अशी अट निघाली, म्हणून विचारपूस करतेय. शेतकरी माणसाला बाँडपेपरवरची अट बरोबर समजते, तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त.

तर आधी हमीपत्र. फोटो काढून पाठवू नकोस मला, त्यावर आधार नंबर असतो, फक्त कलमाचे शब्द जसेच्या तसे टाईप करून पाठव, परवानगीने शिकवता येतं का तेवढं बघू. सरांनी या आठवड्यात तासांबद्दल पुन्हा विचारलं तर "सर, फेलोशिपच्या ऑफिसला लेखी विचारलंय, उत्तर आलं की सांगते" एवढं म्हण, आणि खरंच विचार, ईमेलने, आजच.